मूल हरवलं आहे. तर्क लढवू नका



आषाढीच्या वारीत, नाशिकच्या सिंहस्थात किंवा गणपती विसर्जनाच्या रात्री चौपाटीवर तुम्ही एक आवाज नक्की ऐकला असेल. भोंग्यातून येणारा, घोगरा, दिवसभर बोलून थकलेला. ‘ऐका हो ऐका. अंदाजे पाच वर्षांचा मुलगा, निळा शर्ट, तपकिरी चड्डी, पायात चप्पल नाही. नाव बाळू सांगतो. पोलिस मदत केंद्रात बसवून ठेवला आहे. आईवडिलांनी ताबडतोब यावं.’ एवढं बोलून तो माणूस थांबतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमानं.

तो काय बोलत नाही, तेही आठवून पाहा. ‘आई कुठं बघत होती?’ असं तो विचारत नाही. ‘मघाशी इथून एक दाढीवाला गेला, त्याचंच काम असणार’ असं म्हणत नाही. ‘मला तरी वाटतं’ हे तीन शब्द त्याच्या तोंडून कधी येत नाहीत. वय, कपडे, नाव, ठिकाण. एवढ्यावर लाखोंच्या गर्दीतून लेकरं आईच्या कडेवर परत जातात.

आता भोंगा प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून हे आवाहन.

रात्री साडेनऊच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो येतो. शाळेच्या ओळखपत्रावरून काढलेला, थोडा धूसर. ‘संध्याकाळी सहापासून बेपत्ता. कोणाला दिसल्यास कळवा.’ पहिली दहा मिनिटं सगळं नीट चालतं. कोणी गच्ची बघून येतं, कोणी पार्किंग. मग एक जण लिहितो, ‘परवा इथं एक पांढरी व्हॅन फिरत होती.’ दुसरा लिहितो, ‘परराज्यातली टोळी आली आहे, माझ्या मेव्हण्यालाही मेसेज आलाय.’ तिसरी लिहिते, ‘घरात भांडणं होती म्हणे.’ चौथा विचारतो, ‘आई नोकरी करते ना?’ अकरा वाजेपर्यंत ती पांढरी व्हॅन शेजारच्या तीन ग्रुपांवर पोचते. तिला नंबर फुटतो, मग चालकाला धर्म फुटतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी यूट्यूबवर आईच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढून ‘सत्य काय?’ असा व्हिडिओ टाकतो. मुलाच्या अंगात कोणते कपडे होते, हे मात्र अजून कोणीच विचारलेलं नसतं.

मागणं एकच आहे. मूल हरवल्याचं कळलं, की तुम्ही स्वतः पाहिलं किंवा ऐकलं असेल ते पोलिसांना सांगा, आणि तुम्हाला जे वाटतं ते मनात ठेवा. पाहिलेली ती माहिती, वाटलेला तो तर्क. माहितीवर शोध पुढे सरकतो. तर्कामागे धावताना शोधणाऱ्यांचे तास वाया जातात, आणि कधीकधी माणसं मरतात. हे मी रंगवून सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात ते घडलेलं आहे.

‘ध’चा ‘मा’

शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कागदावर ‘धरावे’ होतं, त्याचं ‘मारावे’ झालं. २०१८ मध्ये एका व्हिडिओचं असंच झालं. मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतलं एक उचलतात आणि पसार होतात. भारतभर फिरला तो एवढाच तुकडा. मूळ फिल्म कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना जागं करण्यासाठी बनवली होती. तिच्या शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. उरलेला तुकडा ‘आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे’ या ओळीसह गावोगाव गेला. मुलं जपायला सांगणारी फिल्म माणसं मारायला लावणारी झाली.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, तेवढं निमित्त पुरलं. जमावानं पाचही जणांना मारहाण करत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथंच त्यांचा जीव घेतला. मूल पळवल्याचं काही घडलेलंच नव्हतं. त्याच दिवशी मालेगावात दोन वर्षांच्या बाळासह पाच जण अशाच जमावाच्या तावडीत सापडले. पोलिसांनी त्यांना कसंबसं बाहेर काढलं.

त्याआधी तीनच दिवस, २८ जून २०१८ रोजी, त्रिपुरात एका माणसाला जमावानं ठार केलं. सरकारनं त्याला नेमलं होतं ते गावोगाव फिरून ‘मुलं पळवणारी टोळी वगैरे काही नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे सांगण्यासाठी. त्याच्या गाडीवर भोंगा होता.

पुढे १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी गेला. चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशी अफवा त्या पट्ट्यात आधीच पसरलेली होती. २०२२ च्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना मारहाण झाली. ते पंढरपूरकडे निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण आपण सहज बोलून जातो. या घटनांत ती अक्षरशः खरी झाली.

जमावातला कोणी सकाळी उठून ‘आज खून करायचा’ असं ठरवून घराबाहेर पडला नसेल. आपण लेकरं वाचवतोय, असंच त्यांना वाटत असणार. हेच सगळ्यात भयंकर आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही काठी उचलत नाही, फक्त मेसेज पुढे पाठवतो. पण काठी उचलणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मेसेजच होता, आणि तो त्याला कोणा ना कोणा भल्या माणसानं काळजीपोटी पाठवलेला होता.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन आणायला घेतलं. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलिस अधिकारी नेमायला सांगितलं. कंपनी हलली, कोर्ट हललं. पण पाच ठिकाणी पाठवायचा की एकाही नाही, हे शेवटी आपल्या अंगठ्यावर आहे.

शिकलेल्यांची झुंड

हे आडबाजूच्या गावात होतं, शहरातली शिकलेली माणसं असं करत नाहीत, असं कोणाला वाटत असेल तर २०१३ ची अमेरिकेतली गोष्ट ऐका. ब्राउन विद्यापीठातला एक भारतीय वंशाचा विद्यार्थी मार्चमध्ये बेपत्ता झाला. घरच्यांनी त्याच्या शोधासाठी फेसबुकवर पान उघडलं. एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, आणि घरबसल्या तपास करणाऱ्यांनी संशयिताच्या धूसर फोटोत हाच मुलगा दिसतो असं ठरवून टाकलं. ज्या पानावर ‘कोणी पाहिलं का?’ असं विचारलं होतं, तिथं शिव्यांचा पाऊस पडला. घरच्यांना ते पान काही काळ बंद करावं लागलं. थोड्याच दिवसांत त्या मुलाचा मृतदेह नदीत मिळाला. स्फोटांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

त्याआधी, ३ मे २००७ रोजी, पोर्तुगालमधल्या प्राया दा लुझ या गावातून मॅडेलिन मॅक्कॅन ही तीन वर्षांची ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. तिथं राहणारा एक ब्रिटिश माणूस पोलिस आणि पत्रकारांना दुभाषी म्हणून मदत करू लागला. हा इतका पुढे पुढे का करतो, असा संशय पत्रकारांना आला आणि तो माणूस पहिल्या पानावर गुन्हेगार ठरला. २००८ मध्ये अकरा वृत्तपत्रांना त्याला सहा लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली. मुलीच्या आईवडिलांवरही तेच बेतलं. आई कॅमेऱ्यासमोर रडत नाही, म्हणजे काहीतरी लपवते, असं लोक बोलू लागले. त्याच वर्षी एका वृत्तपत्रसमूहानं पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पौंड दिले. २०२३ मध्ये पोलंडमधल्या एका तरुणीनं ‘मीच ती’ असा दावा केला, लाखो लोकांनी दोन फोटोंतले डोळे जुळवून पाहिले, आणि डीएनए चाचणीनं तो दावा खोटा ठरवला. इतक्या तर्कांनंतरही त्या मुलीचा पत्ता लागला नाही.

‘आई रडत का नाही’ हा प्रश्न आपल्याकडेही लगेच येतो. ती रडली तर ‘नाटक करते’, गप्प राहिली तर ‘दगड आहे’. ज्या बाईच्या घरातलं मूल संध्याकाळी सहापासून नाही, तिचा चेहरा कसा असावा, याचे नियम ज्यांची मुलं घरात गादीवर झोपलेली आहेत त्यांनी ठरवू नयेत.

पोलिस घरातच का शोधतात, आणि गप्प का असतात

दोन गोष्टींचा फार चुकीचा अर्थ काढला जातो.

पहिली, घराची झडती. लहान मूल हरवलं की आधी त्याच्या घरातच शोधायचं असतं. दिवाण, कपाट, माळा, पाण्याची टाकी, गच्ची, लिफ्टची जागा, वापरात नसलेली बंद गाडी. लपाछपी खेळताना मुलं अशा जागी जाऊन झोपतात, अडकतात. मग आईवडील, मामा, काका, घरी येणारी माणसं या सगळ्यांचे जबाब वेगवेगळे घेतले जातात, फोन तपासले जातात. ही कामाची रीत आहे. समोरच्या खिडकीतून बघणारा मात्र लिहून मोकळा होतो, ‘घरच्यांनाच पोलिस ठाण्यात बसवलंय.’

कधीकधी गुन्हेगार घरातलाच निघतो, हे खरं आहे. पण ते जबाबांतल्या विसंगतीतून, फोनच्या नोंदींतून, पंचनाम्यातून कळतं. तुमचा अंदाज खरा ठरला, तरी त्यामुळे मूल एक मिनिटही लवकर सापडत नाही. खोटा ठरला, तर मूल गमावलेल्या घराची अब्रूही गेलेली असते. या जुगारात जिंकण्यासारखं काहीच नाही.

दुसरी गोष्ट, पोलिसांचं मौन. तपासातली एखादी खूण ते मुद्दाम बाहेर येऊ देत नाहीत. मुलाच्या दप्तरात काय होतं, हातात कोणता दोरा होता, हे फक्त घरच्यांना आणि ज्यानं नेलं त्यालाच ठाऊक असतं. खंडणीचा फोन आला तर समोरचा खरा की भामटा, हे त्या एका खुणेवरून ठरतं. ती खूण ग्रुपवर आली की तिचा उपयोग संपला. तसंच गाडीचं. तुम्हाला संशयित गाडीचा नंबर मिळाला आणि तुम्ही तो जगजाहीर केलात, तर पहिल्यांदा सावध होतो तो गाडीतला माणूस. फोन त्याच्याकडेही आहे. मग तो गाडी बदलतो, रस्ता बदलतो. त्याहून वाईट काय करू शकतो, ते लिहायलाही हात धजत नाही.

शिवाय आलेला प्रत्येक ‘सुगावा’ कोणाला तरी तपासावा लागतो. ‘मूल पूर्वेला, पाण्याजवळ आहे’ असं प्रश्नकुंडली मांडून सांगणारे असतात, ‘माझ्या मित्राच्या मित्रानं पाहिलं’ असं सांगणारे असतात. त्यांच्यामागे गेलेला हवालदार त्या वेळात बसस्थानकावरचं फुटेज पाहू शकत नाही.

आणखी एक वाचक आपण विसरतो. ते मूल स्वतः. घर सोडून निघालेल्या मुलामुलींत निकालाला घाबरलेली असतात, मार खाऊन निघालेली असतात, प्रेमात पडलेली असतात, मुंबई बघायला निघालेलीही असतात. कल्याणच्या फलाटावर बसलेली पंधरा वर्षांची मुलगी कोणाच्या तरी फोनवर स्वतःचा फोटो पाहते, आणि खाली वाचते, ‘पळून गेली असेल, आजकालच्या मुली.’ ती ज्याच्यासोबत गेली म्हणतात त्या मुलाचं नि तिचं आडनाव जुळवून कोणीतरी भलतीच आग लावलेली असते. आता या गल्लीत परत जायचं कसं? तिची वाट आपणच बंद करतो.

क्रमांक १६६

तर्काचं पुरे. आता माहितीची एक गोष्ट.

मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलिस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची प्रकरणं त्यांच्या यादीत होती. निवृत्त झाले तेव्हा त्यांतल्या १६५ मुली सापडल्या होत्या. राहिली होती ती शेवटची, क्रमांक १६६. जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून ती नाहीशी झाली, तेव्हा सात वर्षांची होती. भोसले निवृत्तीनंतरही तिला शोधत राहिले.

ऑगस्ट २०२२ मध्ये ती घरी परतली. ती सोळा वर्षांची झाली होती. मधली काही वर्षं तिला कर्नाटकात ठेवलं होतं, पण सापडली तेव्हा ती स्वतःच्या घरापासून किलोमीटरभराच्या आतच राहत होती. काखेत कळसा म्हणतात तो असा. एवढ्या वर्षांत कोणी ‘परदेशी टोळी’ म्हणालं असेल, कोणी आणखी काही. खरं उत्तर दोन गल्ल्यांपलीकडे होतं.

ती परत आली कशी? ज्या घरात तिला ठेवलं होतं तिथं आपण या घरचे नाही, हे तिला कळलं होतं. सोबत काम करणाऱ्या एका बाईच्या मदतीनं तिनं स्वतःचं नाव आणि हरवल्याची बातमी फोनवर शोधली, तेव्हा २०१३ सालची पत्रकं समोर आली. त्यांवर तिचा फोटो होता आणि पाच फोन नंबर. चार बंद पडले होते. पाचवा लागला. तो एका शेजाऱ्याचा होता.

या मुलीला घरी आणलं ते नाव, फोटो, तारीख आणि न बदललेला एक नंबर यांनी. त्या शेजाऱ्यानं नऊ वर्षांत काही शोध लावला नव्हता. त्यानं नंबर दिला होता, आणि तो लागला तेव्हा फोन उचलला.

तिचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. बातम्यांत ते आलेलं आहे, पण तिला पुढे मोठं आयुष्य आहे आणि ते तिला ‘ती हरवलेली’ म्हणून काढावं लागू नये.

मग करायचं काय?

हात बांधून बसा, असं हे आवाहन सांगत नाही. करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि पहिल्या काही तासांत त्याचं मोल सर्वांत जास्त.

१. आई-वडिलांनी आणि नातेवाइकांनी: घर, जिना, गच्ची, गाड्या पाहून झाल्या की थेट पोलिस ठाणं गाठा. ‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी सांगितलेलं आहे. हद्द दुसरी असली तरी तक्रार घ्यावी लागते. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो, हेही लक्षात ठेवा आणि विचारत राहा.

२. फोन नंबर पाठ ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२. मुलांसाठी १०९८, चोवीस तास. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज देशभर चालते. रेल्वेत किंवा स्थानकावर असाल तर १३९.

३. दुकानदारांनी, सोसायट्यांनी: तुमच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मूल हरवल्याचं कळताच त्या वेळेचं फुटेज वेगळं काढून ठेवा. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, ते लिहून ठेवा. तपासात दहा मिनिटांचा फरकही फार महत्त्वाचा असतो. फुटेज पोलिसांना द्या. ग्रुपवर टाकू नका.

४. रिक्षावाले, फेरीवाले, सुरक्षारक्षक, वर्तमानपत्र टाकणारी मुलं, भंगारवाले यांना विचारा. रस्ता खरा तेच पाहतात. विचारताना ‘पांढरी व्हॅन दिसली का?’ असं विचारू नका, ‘काय दिसलं?’ असं विचारा. आपण प्रश्नात उत्तर घातलं की समोरचा तेच परत देतो.

५. पत्रक बनवताना: अलीकडचा स्पष्ट फोटो, वय, उंची, कपडे, ओळखीची खूण, शेवटचं कुठं आणि किती वाजता दिसलं, तारीख, पोलिस ठाण्याचं नाव आणि दूरध्वनी. त्यासोबत अशा एखाद्या नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर, जो बदलणार नाही. आईचा नंबर देऊ नका. ‘मूल आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असे भामट्यांचे फोन त्या नंबरवर येतात.

६. फोटो पुढे पाठवण्याआधी: तारीख आहे का? पोलिस ठाण्याचं नाव आहे का? मेसेजवर दुहेरी बाणाची खूण आहे का? ती असेल तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे. पोलिस ठाण्याला एक फोन करा. मूल कदाचित दोन वर्षांपूर्वीच सापडलेलं असेल.

७. एकटं, भेदरलेलं मूल दिसलं तर: भोवती गर्दी करू नका, व्हिडिओ काढू नका. त्याच्याजवळ बसा, पाणी द्या, १०९८ किंवा ११२ ला फोन लावा. सोबत मोठा माणूस असेल आणि तुम्हाला शंका आली, तर लांबून लक्ष ठेवून पोलिसांना कळवा. त्या माणसाला धरू नका, हात उगारू नका. तो त्याचा बापही असू शकतो. आणि मूल घरातल्याच माराला घाबरून निघालेलं असेल, तर त्याला परस्पर घरी पोचवणं हीच चूक ठरेल. म्हणून संबंधित यंत्रणेच्याच ताब्यात द्या.

८. ग्रुप ॲडमिननी: तर्काचा पहिला मेसेज दिसताच काढा. पहिलाच. विसावा काढून उपयोग नाही.

९. यूट्यूबवर आणि रील्सवर बोलणाऱ्यांनी: तुमच्या व्हिडिओवर किती लोक थांबले, हे तुम्हाला कळतं. त्यातल्या किती जणांनी पोलिसांना उपयोगी माहिती दिली, ते विचारा. उत्तर शून्य असेल, तर तुम्ही एका घराच्या दुःखावर दुकान मांडलं आहे.

सापडल्यावरही थांबा

मूल सापडलं की आनंद होतो, आणि तो आनंद आपण फोटोसकट वाटतो. इथंही थांबा. पहिलं काम, जिथं जिथं तुम्ही फोटो पाठवला तिथं तिथं ‘सापडलं आहे, कृपया फोटो काढून टाका’ असं लिहा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे बंधन वृत्तपत्रांपुरतं नाही, संपर्काच्या इतर साधनांनाही आहे. लैंगिक अत्याचाराचा प्रश्न असेल तर ‘पोक्सो’ कायदा आणखी कडक आहे. ‘तिचं काय झालं होतं?’ हा प्रश्न कोणीही, कुठेही, कधीही विचारू नये. आठवीतल्या मुलानं वर्गमैत्रिणीचं नाव फोनवर टाकलं आणि समोर आपली जुनी चर्चा आली, तर तो दोष कोणाचा?

आजच एक काम करा. पुढचा फोटो यायची वाट पाहू नका. खालचा मजकूर तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या, गावकीच्या, भिशीच्या ग्रुपवर टाका आणि वर कायम दिसेल असा अडकवून ठेवा.

‘या ग्रुपवर हरवलेल्या मुलाबद्दल फक्त पुढील गोष्टी लिहाव्यात: फोटो, वय, कपडे, शेवटचं ठिकाण आणि वेळ, पोलिस ठाण्याचा दूरध्वनी. तुम्ही स्वतः काही पाहिलं असेल तर ११२ किंवा १०९८ वर कळवा, इथं लिहू नका. आईवडील, शेजारी, परके, कोणाबद्दलही अंदाज लिहू नका. मूल सापडल्यावर फोटो काढून टाका.’

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरेल. गोदाकाठी पुन्हा भोंगे लागतील, पुन्हा कोणाचं तरी बोट सुटेल. मदत केंद्रातला माणूस घसा साफ करून वय सांगेल, कपडे सांगेल, नाव सांगेल आणि माईक खाली ठेवून मुलाला बिस्किटाचा पुडा फोडून देईल. आईवडील धावत येतील. कोणीही त्यांना काही विचारणार नाही. त्या गर्दीत जे जमतं, ते आपल्या चाळीस जणांच्या ग्रुपवर जमायला हवं.